फ्लेमिंगनंतरचा बाँड: हॉरोविट्झ, बॉइड, फॉक्स की डीव्हर?

इयन फ्लेमिंगचा बाँड चौदा पुस्तकांत संपतो: बारा कादंबऱ्या आणि दोन कथासंग्रह. १९५३चं 'कॅसिनो रॉयल' पहिलं, १९६६चा संग्रह शेवटचा, तोही फ्लेमिंग गेल्यावर दोन वर्षांनी आलेला. त्याच्या वारसांच्या परवानगीने इतरांनी लिहिलेला बाँड मात्र याच्या निदान दुप्पट भरेल. दुकानात सगळ्या मुखपृष्ठांवर ००७ सारखाच ठळक दिसतो. आतला बाँड १९५० सालचा आहे की खिशात स्मार्टफोन घेऊन फिरणारा, ते मलपृष्ठ वाचूनही चटकन कळत नाही.

म्हणून लेखकाच्या नावाआधी एक गोष्ट बघायची: त्याने आपली कथा मूळ मालिकेच्या कुठल्या फटीत बसवली आहे. तिथली आधीची कादंबरी वाचलेली नसेल, तर निम्मी गंमत जाते आणि मूळ पुस्तकाचा शेवटही फुकटात कळतो.

अँथनी हॉरोविट्झने हे सगळ्यात हुशारीने केलं आहे. त्याच्या तिन्ही कादंबऱ्या तीन वेगळ्या जागी बसतात, आणि प्रसिद्धीचा क्रम हा कथेचा क्रम नाही. 'ट्रिगर मॉर्टिस' (२०१५) 'गोल्डफिंगर' संपल्यावर दोनच आठवड्यांनी, १९५७ मध्ये सुरू होते. 'फॉरएव्हर अँड अ डे' (२०१८) 'कॅसिनो रॉयल'च्याही आधीची, १९५०च्या फ्रेंच रिव्हिएरावरची. 'विथ अ माइंड टू किल' (२०२२) 'द मॅन विथ द गोल्डन गन'नंतर लगेच, म्हणजे फ्लेमिंगने बाँडला जिथे सोडलं तिथे.

'ट्रिगर मॉर्टिस'मधली सगळ्यात चांगली कल्पना पहिल्या काही प्रकरणांतच आहे. फ्लेमिंगच्या नायिका पुस्तकाच्या शेवटच्या पानावर बाँडच्या मिठीत असतात आणि पुढच्या पुस्तकात गायब होतात. फार तर टिफनी केससारखी एखादी कुणा अमेरिकन अधिकाऱ्याबरोबर निघून गेली, असं दोन ओळींत उरकलं जातं. हॉरोविट्झ विचारतो, 'गोल्डफिंगर'मधली पुसी गलोर खरंच लंडनला बाँडच्या घरी राहायला आली तर? उत्तर असं की दोघंही काही दिवसांत कंटाळतात. रोज सकाळी नाश्त्याला समोर बसलेला बाँड कसा असेल, हे फ्लेमिंगने कधी फारसं दाखवलंच नव्हतं. पुढे जर्मनीतल्या न्युरबर्गरिंगवरच्या मोटार शर्यतीत ब्रिटिश चालकाला मारण्याचा स्मर्श या सोव्हिएत हेरसंस्थेचा डाव येतो. तो फ्लेमिंगच्याच न झालेल्या टीव्ही मालिकेच्या आराखड्यातून घेतला आहे. फ्लेमिंगचा प्रत्यक्ष मजकूर त्यात काही शे शब्दांपुरताच आहे. जाहिरातीत 'फ्लेमिंगच्या मूळ लेखनासह' असं दिसलं तर तेवढंच समजायचं.

खलनायक जेसन सिन हा कोरियन युद्धातल्या नो गुन रीच्या हत्याकांडातून वाचलेला माणूस. तो कैद्यासमोर पत्ते पसरतो. प्रत्येक पत्त्यावर मरणाची एकेक तऱ्हा लिहिलेली असते, आणि कैद्याने स्वतःच्या हाताने पत्ता उचलायचा. बाँडच्या वाट्याला जिवंत पुरलं जाणं येतं. पेटीत श्वास मोजत पडलेला माणूस, हे प्रकरण फ्लेमिंगच्या छळप्रसंगांशेजारी ठेवता येईल असं उतरलं आहे. कमी पडतो तो शेवट. न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वेतली धावपळ कागदावर सिनेमासारखी वाटते, आणि फ्लेमिंग असे प्रसंग याहून आवरून लिहायचा.

'फॉरएव्हर अँड अ डे'ची सुरुवात आधीचा ००७ मेल्याच्या बातमीने होते. मार्सेयच्या पाण्यात त्याचं प्रेत मिळालेलं असतं, आणि तो क्रमांक नुकत्याच बढती मिळालेल्या बाँडकडे येतो. सिक्स्टीन ही नायिका त्याच्याहून वयाने आणि अनुभवाने मोठी, त्यामुळे इथे शिकतो तो बाँड. मार्टिनी ढवळायची नाही, हलवायची, ही सवयही तिच्याकडूनच येते. इथे एक धोका आहे. प्रत्येक सवयीला उगमकथा चिकटवली की पात्राचं गूढ झिजतं, आणि हॉरोविट्झ दोन-तीन ठिकाणी ही रेघ ओलांडतो. तरी तिघांत हीच सगळ्यात सफाईदार.

तिसरी सगळ्यात काळोखी. 'यू ओन्ली लिव्ह ट्वाइस'च्या शेवटी स्मृती गेलेला बाँड रशियाकडे निघतो. पुढच्या पुस्तकात तो मेंदू धुतलेल्या अवस्थेत परततो आणि थेट एमवर, म्हणजे आपल्याच वरिष्ठावर, सायनाइड उडवतो. हॉरोविट्झ ते धागे उचलून बाँडला पुन्हा सोव्हिएत संघात पाठवतो. आपण अजून त्यांचेच आहोत असं सोंग करायचं, आणि समोर तोच कर्नल बोरिस ज्याने मेंदू धुतला. मारामारी कमी, चौकशीच्या खोल्या जास्त. मूळची ही दोन पुस्तकं वाचली नसतील तर याला हात लावू नका.

सेबॅस्टियन फॉक्सची 'डेव्हिल मे केअर' फ्लेमिंगच्या जन्मशताब्दीला, मे २००८ मध्ये आली. वेष्टनावर लेखक 'फ्लेमिंग म्हणून लिहिताना' असं छापलं होतं, आणि अडचण तिथूनच सुरू होते. फॉक्सने फ्लेमिंगच्या पद्धतीने रोज ठरावीक शब्द लिहून सहा आठवड्यांत कादंबरी संपवली. १९६७, इराण, माकडासारखा हात असलेला डॉ. गॉर्नर, खेळात लबाडी करणारा खलनायक ('गोल्डफिंगर'मधल्या गोल्फऐवजी टेनिस), कॅस्पियन समुद्रावरून झेपावणारं इक्रानोप्लेन, म्हणजे पाण्यालगत उडणारं यान: यादीतलं सगळं हजर आहे. पण नक्कल करायची म्हणून लिहिलेल्या पानांत लेखकाचा स्वतःचा जीव कुठे अडकलेला दिसत नाही. फ्लेमिंगची चव पुन्हा हवी आणि डोकं चालवायचं नसेल, तर प्रवासात चालेल.

विल्यम बॉइडची 'सोलो' (२०१३) याच्या बरोबर उलट. १९६९, बाँड पंचेचाळीस वर्षांचा, वाढदिवसाच्या रात्री डॉर्चेस्टर हॉटेलात एकटा. मग झांझारिम नावाच्या काल्पनिक आफ्रिकी देशातलं यादवी युद्ध, मागे सरळ नायजेरियातल्या बियाफ्रा युद्धाची सावली. बॉइडचं बालपण घाना आणि नायजेरियात गेलं, त्यामुळे तिथला चिखल, चेकपोस्ट, हॉटेलचे बार आणि उपाशी मुलं बघून लिहिल्यासारखी आहेत. खाण्यापिण्याच्या तपशिलातही तो फ्लेमिंगला शोभतो. सॅलडवर घालायच्या ड्रेसिंगची बाँडची स्वतःची कृती तळटीपेत आहे: पाच भाग रेड वाइन व्हिनेगरला एक भाग ऑलिव्ह तेल. नेहमीचं प्रमाण उलटं, तेल जास्त आणि व्हिनेगर कमी, असं असतं, त्यामुळे करून बघणाऱ्याचे दात आंबतील. 'सोलो'चा पूर्वार्ध या सगळ्या पुस्तकांत सरस आहे. उत्तरार्धात बाँड वॉशिंग्टनला जातो आणि कट उलगडून सांगण्यात गोष्ट मंदावते. आधी काय वाचलं आहे याची अट इथे सगळ्यात सैल.

जेफ्री डीव्हरच्या 'कार्ट ब्लांश'ने (२०११) घड्याळच नव्याने लावलं. हा बाँड अफगाणिस्तानात लढलेला, तिशीतला. खलनायक सेव्हरन हाइट कचरा-पुनर्वापराचा उद्योगपती, आणि कुजण्याचं त्याला वेड. खलनायक झकास, पण पद्धत बसत नाही. डीव्हर प्रसंग ऐन टोकाला आणून तोडतो आणि नंतर सांगतो की बाँडने याची तयारी आधीच केली होती. दोनदा असं झालं की तिसऱ्या वेळी वाचकाला काळजीच वाटत नाही. फ्लेमिंगचा बाँड चुकतो, पकडला जातो, मार खातो, आणि वाचक त्याच्या कातडीत असतो. डीव्हरचे इतर थ्रिलर आवडत असतील तर घ्या, बाँड हवा म्हणून नको.

जॉन गार्डनरच्या चौदा कादंबऱ्या (१९८१ ते १९९६) आणि रेमंड बेन्सनच्या सहा या त्या त्या वेळच्या वर्तमानात घडतात. गार्डनरने बाँडला साब ९०० टर्बो दिली, आणि जुने वाचक अजून त्यावरून कुरकुरतात. एकच वाचायची तर 'लायसन्स रिन्यूड', आणि नाही वाचली तरी चालेल. किम शेरवूडच्या त्रयीत (२०२२पासून) बाँडच बेपत्ता आहे आणि इतर डबल-ओ (मारण्याचा परवाना असलेले) हेर पुढे आहेत. बाँडसाठी घेणाऱ्याला ते फसवल्यासारखं वाटेल.

फक्त सिनेमे पाहिले असतील, तर आधी 'कॅसिनो रॉयल' वाचा. दोनशेच्या आसपास पानं, दोन रात्री पुरतात. मग 'फॉरएव्हर अँड अ डे'. चार-पाच फ्लेमिंग झाले असतील आणि त्यांत 'गोल्डफिंगर' असेल, तर 'ट्रिगर मॉर्टिस'. सगळे झाले असतील तरच 'विथ अ माइंड टू किल'. भाषेच्या बाजूनेही हॉरोविट्झ सोयीचा, कारण किशोरांसाठी ॲलेक्स रायडर ही हेरमालिका लिहून त्याची वाक्यं आखूड आणि सरळ झाली आहेत. बॉइडला थोडा वेळ द्यावा लागतो.

फ्लेमिंग नव्याने विकत घेताना आवृत्ती बघा. २०२३च्या नव्या आवृत्त्यांत वंशद्वेषी शब्द आणि काही वर्णनं बदलली किंवा गाळली आहेत, जास्त करून 'लिव्ह अँड लेट डाय'मध्ये. मुळाबरहुकूम मजकूर हवा असेल तर त्याआधीची छपाई शोधावी.

आणि बाँडपेक्षा हेरगिरीच जास्त आवडत असेल, तर एक पर्याय मालिकेबाहेरचा. जॉन ल कारेच्या मुलाने, निक हार्कवेने, 'कार्लाज चॉइस'मध्ये (२०२४) वडिलांचा हेर जॉर्ज स्मायली पुढे नेला आहे. वडिलांच्या १९६३ आणि १९७४च्या दोन कादंबऱ्यांमध्ये सुमारे दहा वर्षांची मोकळी जागा होती, तीत ही कथा बसते. गोळीबार जवळजवळ नाही. फायली, आठवणी, आणि लंडनमधून नाहीसा झालेला एक हंगेरियन. वर सांगितलेल्या कुठल्याही बाँडपेक्षा हे लेखन दाट आहे. फक्त 'द स्पाय हू केम इन फ्रॉम द कोल्ड' आधी वाचलेली हवी. तिच्या शेवटी नायक लीमसचं काय होतं, हे हार्कवे सुरुवातीलाच सांगून मोकळा होतो.