अनंत म्हणून विकलेली तगर

माझ्या माहेरी, रत्नागिरीजवळ, विहिरीच्या वाटेवर अनंताचे झाड होते आणि मृगाच्या सुमारास ते फुलले की वास थेट पडवीपर्यंत येई. म्हणूनच गेल्या जूनमध्ये पुण्यात आमच्या सोसायटीच्या फाटकाशी हातगाडीवाल्याने ‘कलमी अनंत, बारमाही’ अशी हाक दिली, तेव्हा मी लगेच खाली उतरले. रोपांवर फूल नव्हते. पण त्याने टोपलीतले खऱ्या अनंताचे टपोरे फूल माझ्या ओंजळीत ठेवले आणि मी 450 रुपये देऊन रोप घेतले. रोपाचे शेंडे नुकतेच खुडलेले होते आणि एका टोकावर चिकाचा थेंब वाळलेला होता. तो मी पाहिला, पण त्याचा अर्थ माझ्या ध्यानात आला नाही.

तीन आठवड्यांनी दुहेरी पाकळ्यांची पांढरी फुले आली, मात्र त्यांना वास जवळजवळ नव्हता. फोन केल्यावर ‘ताई, पहिल्या वर्षी वास धरत नाही, खत कमी पडतंय’ असे सांगून त्याने आणखी 150 रुपयांची पुडी गळ्यात मारली. दिवाळीनंतर त्याचा फोन लागेनासा झाला. पुढे छाटणी करताना कात्री पांढऱ्या चिकाने माखली, तेव्हा ती फांदी घेऊन मी रोपवाटिकेत गेले. तिथल्या माळीकाकांनी पाहताक्षणी सांगितले, ‘ही डबल तगर.’ तेच रोप त्यांच्याकडे 80 रुपयांना होते.

तगरीला मी नावे ठेवत नाही. देवपूजेला ती रोज फुले देते. परंतु अनंत घ्यायचा असेल तर पैसे देण्यापूर्वी एका पानाचा देठ मोडून पाहावा: तगरीला लगेच दुधासारखा चीक येतो, अनंताला येत नाही. अनंताचे पान जाड, चकचकीत असते व त्यावरच्या शिरा खोल गेलेल्या दिसतात. फूलही पांढरे उमलून एकदोन दिवसांत पिवळसर होते. फूल टोपलीतले नव्हे, रोपावरचेच पाहावे आणि शेंडे खुडलेले असतील तर रोप घेऊ नये.

त्याच दिवशी त्या गाडीवरून रोपे घेतलेल्या चार शेजारणींकडे मी गेल्या रविवारी जाऊन आले. आम्ही प्रत्येकीच्या कुंडीतले एकेक पान मोडून पाहिले. चारही ठिकाणी चीक आला.