अनामत परत मिळते म्हणे

दाभोळ खाडीच्या काठावर आमचं गाव. बांध फुटून खारं पाणी भातशेतीत शिरलं, की काही वर्षांत तिथे चिपी आणि तिवर ही कांदळवनाची झाडं उभी राहतात. पर्यावरणशास्त्रात एम.एस्सी. करताना मी याच खाजणांवर प्रबंध लिहिला. सांगतोय अशासाठी, की मला गळाला लावलं ते याच विषयानं.

मार्चमध्ये मेल आला. इंग्लंडमधल्या एका विद्यापीठात पर्यावरण व्यवस्थापनात पीएच.डी., पूर्ण फी माफ, वर दरमहा विद्यावेतन. अर्ज मोफत. संशोधनाचा दोन पानी आराखडा मागितला होता, तो मी आठ रात्री जागून लिहिला. मग व्हिडिओवर मुलाखत. समोरचे गृहस्थ कॅमेरा बिघडलाय म्हणाले, पण आराखडा त्यांनी वाचलेला होता. पाण्याची क्षारता कुठे कुठे मोजणार? बांध दुरुस्त करायचा की कांदळवन वाढू द्यायचं? ज्यांची शेतं गेली त्यांना काय विचारणार? तासभर चाललं. माझ्या विषयावर इतका वेळ माझ्याशी कुणी बोललं नव्हतं, कॉलेजातही नाही. तिथेच मी कामातून गेलो.

आठवड्यात निवडीचं पत्र आलं. शिक्का, सही, संदर्भ क्रमांक, सगळं जागच्या जागी. दुसऱ्या पानावर एका वाक्यात माझ्या संशोधनाचा विषय ‘घनकचरा’ असा पडला होता. मी म्हटलं, कारकुनाची चूक. आपल्याकडे सातबाऱ्यावर आजोबांचं नाव चुकतं, तिथे हे काय! शेवटी ठळक अक्षरात लिहिलं होतं, अधिकृत घोषणेपर्यंत ही बातमी गोपनीय ठेवा. आमच्या घरात हे वेगळं सांगायला लागत नाही. आई म्हणाली, “ठरेपर्यंत कुठे बोलू नको, नजर लागते.” त्यामुळे ज्या सरांनी पत्र बघताक्षणी ओळखलं असतं, त्यांच्यापर्यंत ते गेलंच नाही.

आधी कागदपत्र पडताळणीचे ४,८०० मागितले. ते माझ्याकडचेच होते. मग व्हिसाची अनामत ४२,०००. अण्णा म्हणाले, “देणारा आधी घेतो कशाला रे?” मी त्यांना शहाणपणानं समजावलं, की अनामत आहे, तिकडे पोचल्यावर परत मिळते. त्यांनी वाशीच्या दलालाकडून आंब्यावर उचल घेतली. मग विम्याचे ६७,५००, त्यासाठी आईच्या पाटल्या पतपेढीत गेल्या. पैसे पाठवताना फोनवर नाव उमटलं ते विद्यापीठाचं नव्हे, कुठल्याशा एंटरप्रायझेसचं. ते मी वाचलं. विचारलंही. “भारतातले आमचे प्रतिनिधी,” असं उत्तर आलं आणि मी पिन टाकला.

एकूण १,१४,३००.

चौथ्यांदा ९०,००० मागितले, तेव्हा कुठे मी मेलचा पत्ता अक्षर अक्षर लावून पाहिला. ब्रिटिश विद्यापीठांचे पत्ते ‘डॉट एसी डॉट यूके’ वर संपतात. हा ‘एसी-यूके डॉट ऑर्ग’ होता. पत्रावर ज्या प्राध्यापकांची सही होती, त्यांचा खरा मेल विद्यापीठाच्या संकेतस्थळावर शोधून त्यांना लिहिलं. दुसऱ्या दिवशी उत्तर आलं: तुम्हाला मी ओळखत नाही, अशी कुठलीही मुलाखत मी घेतलेली नाही, कृपया पोलिसांकडे जा. हा मेल मार्चमध्येही पाठवता आला असता.

आता माहीत असलेलं सांगतो. ब्रिटनची कॉमनवेल्थ, चेव्हनिंग किंवा जर्मनीची डाड, यांच्या शिष्यवृत्तीच्या अर्जाला पैसे पडत नाहीत. इंग्रजीच्या परीक्षेची फी असते, काही विद्यापीठं प्रवेश अर्जाचं शुल्कही घेतात, पण ते त्यांच्याच संकेतस्थळावर भरायचं, कुणाच्या यूपीआयवर नाही. ब्रिटनचा व्हिसा लागला तर त्याची फी आणि तिथल्या आरोग्यसेवेचा अधिभार आपण स्वतः त्यांच्या सरकारी संकेतस्थळावर अर्ज करतानाच भरतो. तिथे ‘व्हिसाची अनामत’ असा प्रकारच नाही. आणि पीएच.डी.ला मार्गदर्शक बहुधा आपणच शोधायचा असतो, मेलवर मेल टाकून. तो आपला पत्ता काढत दाभोळ खाडीत येत नाही.

पैसे गेल्याचं कळताच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करायचा. मी लाजेपायी नऊ दिवस घालवले. तोवर पैसे तीन-चार खात्यांतून फिरून गेले होते. त्यातल्या एका खात्यात ११,००० गोठवले गेलेत, तेही अजून मिळायचे आहेत.

तक्रार द्यायला गेलो तेव्हा बाकावर देवगडची एक मुलगी तिच्या वडिलांसोबत बसली होती. हातात तसंच पत्र. तिला ते माझ्या दोन महिने आधी आलेलं. संदर्भ क्रमांक तोच. तिचा विषय घनकचरा.

गेल्या आठवड्यात एका ‘सायबर रिकव्हरी’वाल्याचा फोन आला. माझी सगळी रक्कम त्याला तोंडपाठ. पूर्ण पैसे परत मिळवून देतो, फक्त ३,००० फाइल चार्ज आधी भरा. ही टोळी त्यांचीच, नाहीतर आकडा कळणार कसा? मी काही बोलायच्या आत अण्णांनी फोन घेतला.

“असं करा,” ते म्हणाले, “तुम्ही आमचे पाठवा, त्यातनंच तुमचे तीन हजार कापून घ्या.”

पलीकडून फोन ठेवला गेला.