ड्रोन वर्कशॉपच्या किटमधली बॅटरी तिथेच तपासून घ्या

‘दोन दिवसांत ड्रोन बनवा, किट घरी न्या, सोबत डीजीसीएचं (नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचं) सर्टिफिकेट’ अशी जाहिरात वाचून पैसे भरलेली काही कॉलेजची मुलं किट घेऊन आमच्याकडे आली. वर्कशॉपमध्ये उडालेला ड्रोन घरी दोन-तीन मिनिटांत खाली बसत होता. सोल्डरिंग आपल्याकडूनच बिघडलं, असं त्यांना वाटत होतं. जोडण्या ठीक होत्या. फसवणूक बॅटरीत होती.

किट नेहमीचंच: एफ-४५० फ्रेम, ए-२२१२ जातीच्या १००० केव्हीच्या (प्रति व्होल्ट मिनिटाला १००० फेऱ्या) चार मोटरी, ३० अँपिअरचे ईएससी (मोटरींचा वेग सांभाळणारी सर्किटं), १०४५ प्रॉपेलर आणि २२०० एमएएच क्षमतेची ३एस लायपो (तीन सेलची लिथियम-पॉलिमर बॅटरी). शेवटच्या तासाला मैदानावर जे उड्डाण दाखवलं गेलं, ते प्रशिक्षकाच्या बॅटरीवर. मुलांच्या खोक्यात जुनी, दमलेली बॅटरी होती, वरून नवी स्लीव्ह आणि नवं लेबल.

अशा बॅटरीत दोन प्रकारे गंडवतात, आणि दोन्हींची परीक्षा वेगळी. कमी क्षमतेच्या सेलवर मोठा आकडा छापला असेल, तर वजनकाटा पुरतो: या क्षमतेची खरी ३एस साधारण १७० ते १९० ग्रॅम भरते. काटा १३०वर थांबला, तर लेबल खोटं. पण जुने सेल वजनात पकडले जात नाहीत. त्यांचा अंतर्गत रोध वाढलेला असतो, म्हणून मोटरींनी करंट ओढला की व्होल्टेज कोसळतं आणि ईएससी ताकद कमी करतात. मल्टिमीटरवर मात्र तीच बॅटरी भार नसताना १२.६ व्होल्ट दाखवते. नुसता व्होल्टेज पाहून ‘फुल आहे’ म्हणणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. बॅलन्स चार्जरवर (प्रत्येक सेल वेगळा मोजून सारखा भरणारा चार्जर) प्रत्येक सेलचा रोध पाहा. एखाद्या सेलचा रोध बाकीच्यांच्या दुप्पट असेल, तर ती बॅटरी घेऊ नका.

पक्की खात्री हवी असेल तर बॅटरी पूर्ण चार्ज करा आणि प्रति सेल ३.५ व्होल्ट येईपर्यंत ड्रोन उडवा. मग २.२ अँपिअरवर बॅलन्स मोडमध्ये पुन्हा भरा. चार्जरने १७०० एमएएचच्या आसपास भरले तर ठीक. जेमतेम ९०० भरले, तर पैसे परत मागा. फुगलेली बॅटरी मात्र चार्जरला लावूच नका, आग लागते.

याच किटमध्ये एपीएम २.८ हा उड्डाण सांभाळणारा बोर्ड ‘लेटेस्ट’ म्हणून दिला होता. अशा बोर्डांचं सॉफ्टवेअर बनवणाऱ्या आर्डुपायलट प्रकल्पाने कॉप्टर ३.२.१ या आवृत्तीनंतर त्याच्यासाठी नवं फर्मवेअर काढलेलं नाही. शिकायला तो चालेल, पण जुन्या मालाला नव्याची किंमत का मोजायची?

सर्टिफिकेटचं तर सरळ खोटं. रिमोट पायलट प्रमाणपत्रासाठी डीजीसीएची मान्यता असलेल्या प्रशिक्षण संस्थेतच शिकावं लागतं, वय किमान १८ आणि दहावी पास ही अट आहे. शिवाय ड्रोन नियम २०२१ प्रमाणे २५० ग्रॅम ते २ किलोचा मायक्रो ड्रोन बिगर-व्यावसायिक कामासाठी उडवायला हे प्रमाणपत्र लागतच नाही. एफ-४५० याच वर्गात बसतो. म्हणजे छंद म्हणून उडवणाऱ्याला न लागणारी गोष्ट विकली, तीही बनावट.

पैसे भरण्याआधी प्रत्येक भागाचं नाव आणि मॉडेल असलेली यादी लेखी मागा. ‘माझ्या खोक्यातल्या बॅटरीवर उडवून दाखवा’ हे वर्कशॉप संपण्याआधी, सगळ्यांसमोर सांगा. फसले असाल, तर काट्यावरच्या बॅटरीचा आणि चार्जरच्या स्क्रीनचा फोटो, जाहिरात आणि यूपीआय पावती जपून ठेवा आणि राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५वर तक्रार नोंदवा.