'पुट ऑफ' की 'पोस्टपोन'?

गुरुवारची बैठक सोमवारी घ्यायची आहे आणि तसा इंग्रजी मेल पाठवायचा आहे. आपल्यापैकी बहुतेक जण 'पोस्टपोन' लिहून मोकळे होतात, आणि ते बरोबरच आहे. तरीही 'पुट ऑफ' नीट शिकून घ्या असं मी आवर्जून सांगेन. इंग्रजी मातृभाषा असलेल्यांच्या बोलण्यात ते सतत येतं. त्याचा एकच अर्थ धरून बसलं, तर समोरचा बोलतो एक आणि आपण समजतो भलतंच.

गंमत म्हणजे दोन्हींच्या मुळाशी कल्पना एकच आहे. 'पोस्टपोन' लॅटिनमधून आलं. तिथे 'पोस्ट' म्हणजे नंतर आणि 'पोनेरे' म्हणजे ठेवणं. 'पुट ऑफ'मध्येही ठेवणंच आहे, फक्त साध्या घरगुती शब्दांत. आपल्या 'स्थगित करणे' आणि 'पुढे ढकलणे' यांच्यात जो फरक, तोच इथे. नोटीस, करार, परीक्षेचं वेळापत्रक असेल तर 'पोस्टपोन'. सहकाऱ्याशी बोलताना 'पुट ऑफ'. शिवाय 'पुट ऑफ'ला बऱ्याचदा चालढकलीची छटा असते. दाताच्या डॉक्टरकडे जायचं महिनाभर टाळलं, तर 'आय कीप पुटिंग इट ऑफ' हेच शोभतं. म्हणूनच ग्राहकाचं काम लांबल्याचं कळवताना मी 'पोस्टपोन' निवडेन. त्यात तारीख बदलली एवढंच कळतं, टाळाटाळीची शंका येत नाही.

खरी अडचण येते ती 'पुट'नंतर माणूस आला की. 'हिज टोन पुट मी ऑफ' म्हणजे त्याच्या बोलण्याच्या सुरामुळे माझं मन उडालं. 'स्टॉप हमिंग, यू आर पुटिंग मी ऑफ' म्हणजे गुणगुणणं थांबव, माझं लक्ष उडतंय. हा वापर विशेषतः ब्रिटिश बोलण्यातला. 'ही पुट द लँडलॉर्ड ऑफ विथ अ प्रॉमिस' म्हणजे घरमालकाची आश्वासनावर बोळवण केली. या तिन्ही ठिकाणी 'पोस्टपोन' चालणारच नाही. घाबरून जायचं कारण नाही. 'वेळ लागतो', 'भूक लागते', 'ती माझी मावशी लागते' या तीन 'लागणे'त आपला कधी गोंधळ होतो का? शेजारचा शब्द पाहून अर्थ आपोआप लागतो. इथेही शेजारीच पाहायचं. काम किंवा तारीख असेल तर लांबणीवर टाकणं. माणूस असेल तर मन उडालं, लक्ष उडालं की बोळवण झाली, हे उरलेल्या वाक्यावरून ठरवायचं. 'ऑफ-पुटिंग' हे विशेषण मात्र नकोसं वाटणाऱ्या किंवा लक्ष उडवणाऱ्या गोष्टीलाच लावतात, लांबणीवर पडलेल्या कामाला नाही.

रचनेतही एक फरक आहे. 'पोस्टपोन इट' सरळ, पण 'पुट इट ऑफ' म्हणताना 'इट' मध्येच हवं. 'पुट ऑफ इट' चूक. पुढे दुसरं क्रियापद आलं तर दोन्हींना त्याचं '-इंग' रूप लागतं: 'पुट ऑफ गोइंग', 'पुट ऑफ टु गो' नाही.

दिवा घालवायला आपल्याकडे 'पुट ऑफ द लाइट' सर्रास म्हणतात. समजतं सगळ्यांना, पण 'टर्न ऑफ' किंवा 'स्विच ऑफ' जास्त रुळलेलं आहे.

'कॉल ऑफ'शी गल्लत मात्र अजिबात करू नका. 'पुट ऑफ' केलेली बैठक नंतर होते, 'कॉल ऑफ' केलेली होतच नाही, ती रद्द. आणि सुरू झालेली सभा मध्येच तहकूब झाली, तर त्यासाठी 'अ‍ॅडजर्न' हा वेगळा शब्द आहे.

मराठी माणसाची सगळ्यात मोठी फसगत होते ती 'पुढे' या शब्दामुळे. बैठक 'पुढे ढकलली' हे मनात ठेवून आपण 'ब्रॉट फॉरवर्ड' लिहून बसतो, आणि त्याचा अर्थ नेमका उलटा होतो: बैठक अलीकडे आणली. आपल्या 'पुढे'साठी इंग्रजीत 'पुश बॅक' म्हणतात, म्हणजे चक्क 'मागे'. तेव्हा क्रियापद कोणतंही निवडा, मेलमध्ये 'फ्रॉम थर्सडे टु मंडे' लिहा, आणि सोमवारची तारीखही टाका.