टेलिपोर्टेशनमधला एक बिट वाचवायचाय? कोणती पद्धत घ्यावी

क्वांटम टेलिपोर्टेशनवर (कण न पाठवता त्याची क्वांटम अवस्था दुसरीकडे पोचवण्यावर) प्रोजेक्ट किंवा सिम्युलेशन करणारे कधी ना कधी इथे अडतातच: दर क्यूबिटमागे (क्वांटम माहितीच्या एककामागे) दोन साधे बिट (0 किंवा 1) पाठवावे लागतात, ते कमी होतील का? मी आधी उलट विचारतो. पाठवणाऱ्याला त्या क्यूबिटची अवस्था माहीत आहे का?

माहीत नसेल, तर 1993 मध्ये बेनेट आणि सहकाऱ्यांनी मांडलेली मूळ पद्धतच घ्या. एक एंटँगल्ड (एकमेकांत गुंतलेली) जोडी, अर्धी पाठवणाऱ्याकडे, अर्धी घेणाऱ्याकडे; पाठवणाऱ्याने आपल्याकडच्या दोन क्यूबिटांवर एकत्र केलेल्या बेल मापनाचे चार संभाव्य निकाल, म्हणून ते कळवायला दोन बिट. यात घासाघीस चालत नाही. दोनपेक्षा कमी बिटांत हे जमलं असतं, तर त्याला सुपरडेन्स कोडिंगची (एंटँगल्ड जोडीच्या मदतीने एका क्यूबिटमधून दोन बिट पाठवण्याची) जोड देऊन प्रकाशापेक्षा वेगाने निरोप धाडता आला असता. एकच निकाल ‘जमला’ म्हणून कळवायचा आणि बाकीचे तीन सोडून द्यायचे, अशी पळवाट आहे. बिट एकच लागतो, पण चारातले तीन क्यूबिट वाया जातात. 1997 च्या इन्सब्रुकच्या (ऑस्ट्रिया) टेलिपोर्टेशनच्या प्रयोगातही एकच बेल अवस्था (चारपैकी एकच निकाल) ओळखता येत होती, पण ती उपकरणांची मर्यादा होती, काटकसर नव्हे.

अवस्था माहीत असेल, तर मात्र खरी बचत आहे: रिमोट स्टेट प्रिपरेशन, म्हणजे माहीत असलेली अवस्था दूरवर तयार करणं. भारतीय भौतिकशास्त्रज्ञ अरुण कुमार पती यांनी 2000 च्या सुमारास दाखवलं, की ब्लॉख गोलाच्या (ज्यावर क्यूबिटची प्रत्येक अवस्था एक बिंदू असते, त्या गोलाच्या) विषुववृत्तावरच्या अवस्थांना एक जोडी आणि एक बिट पुरतो. पाठवणारा आपल्या अर्ध्या जोडीचं मापन त्याच अवस्थेच्या बेसिसमध्ये (ती अवस्था की तिच्या काटकोनातली, असं विचारून) करतो. पलीकडे हवी ती अवस्था तयार होते, नाहीतर तिच्या काटकोनातली, म्हणजे गोलावर बरोबर समोरची. विषुववृत्तावर ही दुसरी अवस्था एका Z गेटने (गोल उभ्या अक्षाभोवती अर्धा फिरवणाऱ्या क्रियेने) सरळ होते. गोलावरच्या कुठल्याही अवस्थेला उलटवणारं एकच गेट नसतं, म्हणून ही युक्ती सरसकट चालत नाही. सर्वसाधारण अवस्थांसाठीही क्यूबिटमागे एक बिट गाठता येतो, पण खूप मोठे गठ्ठे एकत्र पाठवले तरच. ब्लाइंड क्वांटम कॉम्प्युटिंगमध्ये (दूरच्या क्वांटम संगणकाला कळू न देता त्याच्याकडून गणित करून घेण्यात) ग्राहक पाठवतो त्या अवस्था बहुतेक विषुववृत्तावरच्याच असतात. तिथे मी डोळे झाकून हीच पद्धत घेईन.

पोर्ट-बेस्ड टेलिपोर्टेशन (इशिझाका आणि हिरोशिमा, 2008) या यादीत उगाच येतं. त्यात अनेक जोड्या लागतात, आणि घेणाऱ्याकडच्या प्रत्येक अर्ध्या जोडीला पोर्ट म्हणतात. घेणाऱ्याला दुरुस्ती करावी लागत नाही, फक्त पोर्ट निवडायचा; फायदा तेवढाच. चार पोर्ट घेतले की कोणता निवडायचा ते कळवण्यातच दोन बिट संपले, आणि अवस्था अजून अचूक पोचलेली नसते.

आणि जोड्या टिकवणं अवघड जात असेल, तर बिटांच्या मागे लागूच नका. साधे बिट स्वस्त असतात. त्यांची वाट बघताना क्वांटम मेमरी (क्यूबिट साठवून ठेवणारी) विस्कटते, आणि एक बिट असो की दोन, फायबरमधून यायला वेळ तेवढाच लागतो.