५०० रुपयांचं ओबीडी डोंगल: ॲव्हरेज मोजायला घ्यावं का?

काडेपेटीएवढं निळं अर्धपारदर्शक प्लास्टिक, आत लुकलुकणारे दोन-तीन दिवे आणि पुढे सोळा पिना. ऑनलाइन ५०० रुपयांच्या आसपास मिळणारं हे ईएलएम ३२७ (गाडीच्या कॉम्प्युटरशी बोलणारी चिप) जातीचं डोंगल. स्टिअरिंगखालच्या सॉकेटमध्ये खोचायचं, मोबाइलशी ब्लूटूथने जोडायचं (पिन १२३४ किंवा ००००) आणि गाडी किती ॲव्हरेज देते ते स्क्रीनवर बघायचं, एवढ्यासाठी बहुतेक लोक ते घेतात. नेमकं तेच काम ते सुरुवातीला चुकीचं करतं. आकडे जुळवून घेतले की मात्र ते पैसे वसूल करतं. साताऱ्यासारख्या चढउताराच्या गावात तर आणखीच.

पहिली चूक एककाची. गाडीच्या कॉम्प्युटरशी बोलण्याची ओबीडी-२ ही पद्धत अमेरिकेत १९९६ पासूनच्या नव्या कारना सक्तीची झाली, त्यामुळे डोंगलचे आकडे दाखवणाऱ्या मोबाइल ॲप्सवर तिथल्या मोजमापाची छाप आहे. बरीच ॲप्स उघडल्या उघडल्या मैल प्रति गॅलन दाखवतात. अमेरिकन गॅलन ३.७८५ लिटरचा, ब्रिटिश गॅलन ४.५४६ लिटरचा, आणि सेटिंगमध्ये दोन्ही असतात. ४० चा आकडा अमेरिकन गॅलनचा असेल तर १७ किमी प्रति लिटर, ब्रिटिश गॅलनचा असेल तर जेमतेम १४. तेव्हा आधी एकक बदला, आणि जमल्यास 'लिटर प्रति १०० किमी' ठेवा. अमेरिकेतही २०१३ च्या मॉडेलपासून नव्या गाडीच्या काचेवरच्या लेबलवर दर १०० मैलांना किती गॅलन लागतात ते छापतात. खरा खर्च त्यातूनच कळतो. १० चं ॲव्हरेज १२ झालं तर १०० किमीमागे १.६७ लिटर वाचतं. २० चं २२ झालं तर अर्धा लिटरही नाही. फरक दोन्हीकडे दोनचाच, पण लिटरला १०५ रुपये धरले तर एकीकडे पावणेदोनशे रुपये आणि दुसरीकडे अठ्ठेचाळीस.

दुसरी चूक खोलवरची आहे. बऱ्याच पेट्रोल गाड्यांत डोंगलला पेट्रोलचा आकडा थेट मिळत नाही. ॲप तो हवेवरून काढतं. इंजिनात किती ग्रॅम हवा गेली, तिला १४.७ ने भागलं की पेट्रोलचं वजन, त्यावरून लिटर. १२०० सीसीचं इंजिन आयडलवर (रेस न देता नुसतं चालू असताना) सेकंदाला साधारण सव्वादोन ग्रॅम हवा घेतं, म्हणजे तासाला पाऊण लिटरच्या आत-बाहेर पेट्रोल. छोट्या गाड्यांत हवा मोजणारा सेन्सर बहुधा नसतोच. मॅनिफोल्डमधला (हवा इंजिनात नेणाऱ्या नळीतला) दाब, तापमान आणि आरपीएम यावरून हवेचा अंदाज बांधला जातो. त्यासाठी ॲप व्हॉल्युमेट्रिक एफिशियन्सी (सिलिंडर प्रत्यक्षात किती टक्के हवेने भरतो ते) ८०-८५ टक्के धरून चालतं. तुमच्या इंजिनाची तेवढीच असेल असं नाही.

त्यात आता ई-२०. १४.७ हे प्रमाण शुद्ध पेट्रोलचं. वीस टक्के इथेनॉल मिसळलं की ते १३.५ च्या जवळ येतं, कारण इथेनॉलला जाळायला हवा कमी लागते. सेटिंगमध्ये १४.७ तसंच राहिलं तर ॲप खपत सुमारे सात टक्के कमी दाखवतं. पंपावर खिसा रिकामा होतोय आणि मोबाइल म्हणतोय ॲव्हरेज छान आहे, हा प्रकार त्यातून होतो. ॲपमध्ये इंधनाचं प्रमाण बदलायची सोय असेल तर १३.५ टाका. नसेल तर खालच्या पद्धतीत ते आपोआप भरून निघतं.

टाकी फुल करा, पण पहिल्या ऑटो-कटला थांबा. गाडी हलवून, नोझल वर करून आणखी अर्धा लिटर कोंबायचं नाही. ट्रिप मीटर शून्य करा, ॲपमधली ट्रिपही. निदान ३०० किमी चालवून त्याच पंपावर, त्याच मशीनवर, पुन्हा पहिल्या कटपर्यंत भरा. समजा पंपाने १७.८ लिटर घेतलं आणि ॲप म्हणतं १६.२. भागाकार १.१०. व्हॉल्युमेट्रिक एफिशियन्सी ८५ असेल तर ती ९३ करा. इंजिनाची खरी क्षमता ९३ आहे असा त्याचा अर्थ नाही, सगळ्या चुका त्या एका आकड्यात सामावून घेतल्या एवढंच. एका भरणीवर विसंबू नका. कट अर्धा लिटर मागेपुढे होतो, १७ लिटरमध्ये तेच तीन टक्के झाले. तीन भरण्यांची बेरीज घ्या. अंतराचीही खातरजमा करून घ्या: साताऱ्याहून कराडकडे जाताना हायवेचे किलोमीटरचे दगड वीसेक किमी मोजले की ओडोमीटर किती पुढेमागे आहे ते कळतं.

आकडा घसरला की पहिला संशय पंपावर जातो, म्हणून हेही सांगायला हवं. प्रत्येक पंपावर पाच लिटरचं प्रमाणित माप असतं आणि ग्राहकाने मागितलं तर त्यात मोजून दाखवावं लागतं. पाच लिटरमागे २५ मिलिलिटरचा फरक चालतो, म्हणजे अर्धा टक्का. माप बरोबर निघालं आणि ॲव्हरेज दहा टक्क्यांनी पडलेलं असेल तर दोष गाडीत शोधा.

आता साताऱ्याहून कासकडे चढणारा यवतेश्वरचा घाट. सातारा शहर आणि कासचं पठार यांच्या उंचीत साधारण ५०० मीटरचा फरक आहे. माणसांसकट १२०० किलोची गाडी तेवढी वर उचलायलाच पाऊण लिटर पेट्रोल जातं, रस्त्याचं अंतर वेगळं. त्यामुळे वर जाताना स्क्रीनवर ८-९ चं ॲव्हरेज दिसलं तर गाडी बिघडली असं समजू नका. खरी गंमत उतरताना आहे. गिअरमध्ये ठेवून रेस पूर्ण सोडली की इंजेक्टर (पेट्रोल फवारणारे भाग) बंद होतात आणि पेट्रोल अक्षरशः शून्य जातं. पण हवा आत येतच असते, आणि ॲपला फक्त हवा दिसते. १२०० सीसीचं इंजिन २५०० आरपीएमवर फिरत असेल तर ते तासाला दोन लिटर खपत दाखवतं. दहा मिनिटांच्या उतारात पाव लिटरहून जास्त पेट्रोल नसताना मोजलं जातं. खात्री करायची तर शेजारच्या माणसाला ॲपवर ऑक्सिजन सेन्सरचा (धुरातला ऑक्सिजन ओळखणाऱ्या सेन्सरचा) व्होल्टेज बघायला सांगा. साध्या सेन्सरवर एरवी तो ०.१ ते ०.९ मध्ये वरखाली नाचतो; रेस सोडून उतार लागला की शून्याजवळ जाऊन गप्प पडतो. ॲपमध्ये 'फ्युएल कट' ओळखायचं सेटिंग असेल तर ते चालू करा. नसेल तर घाटातल्या फेरीचा आकडा जुळवणीसाठी धरू नका.

आणि उतारावर न्यूट्रल टाकून पेट्रोल वाचतं हा समज आता तरी सोडा. न्यूट्रलमध्ये इंजिन आयडलवर तासाला पाऊण लिटर पितं, गिअरमध्ये काहीच नाही. शिवाय इंजिनाची रोक जाते, सगळा भार ब्रेकवर येतो, ब्रेक तापून पकड सोडतात. घाटात हे जिवावर बेतणारं आहे.

माझ्या मते या डोंगलची खरी किंमत दोन वेगळ्या आकड्यांत आहे. पहिला, लाँग टर्म फ्युएल ट्रिम. कॉम्प्युटर ठरल्यापेक्षा किती टक्के जास्त किंवा कमी पेट्रोल सोडतोय ते यात दिसतं. उणे पाच ते अधिक पाच असेल तर उत्तम. अधिक दहाच्या पुढे गेलं तर कुठून तरी न मोजलेली हवा शिरतेय, इंजेक्टर चोंदलेत किंवा पेट्रोलचा दाब कमी पडतोय. उणे दहाच्या खाली गेलं तर बहुधा इंजेक्टर गळतोय. एक अपवाद लक्षात ठेवा: शुद्ध पेट्रोलसाठी ट्यून केलेल्या जुन्या गाडीत ई-२० भरलं की ट्रिम पाच-सात टक्के वर चढणारच. तो बिघाड नाही, त्यासाठी इंजेक्टर साफ करायचे पैसे देऊ नका. दुसरा आकडा कूलंटचं, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याचं तापमान. गरम झालेल्या गाडीत ते ९० च्या आसपास स्थिरावायला हवं. हायवेला लागल्यावर ७० पर्यंत घसरत असेल तर थर्मोस्टॅट (कूलंटची वाट उघड-बंद करणारी झडप) उघडा अडकलाय. इंजिन थंड समजून कॉम्प्युटर पेट्रोल जास्त सोडत राहतो. भाग स्वस्त, पण महिनोन्महिने ॲव्हरेज खातो, आणि डॅशबोर्डवर दिवा लागेलच असं नाही.

उणिवाही आहेत. सॉकेटच्या १६ नंबरच्या पिनेला बॅटरीची वीज कायम असते, चावी काढली तरी. डोंगल ४०-५० मिलिॲम्पिअर ओढत राहतं, म्हणजे दिवसाला एक ॲम्पिअर-तास. ३५ ॲम्पिअर-तासांची बॅटरी असलेली गाडी दोन आठवडे लावून गावी गेलात तर परत आल्यावर ढकलावी लागू शकते. काढून ठेवा, नाहीतरी तसंच ठेवलं तर जवळचा कोणीही १२३४ टाकून जोडू शकतो. स्वस्त डोंगलचं साधं ब्लूटूथ आयफोनला चालत नाही, त्यासाठी वायफाय किंवा बीएलईवालं (कमी वीज खाणाऱ्या ब्लूटूथचं) लागतं. डब्यावर २.१ आवृत्ती छापली म्हणजे ते १.५ पेक्षा सरस असं नाही, बऱ्याचदा उलटच असतं, नकली २.१ मध्ये काही कमांड गायब असतात आणि जुन्या गाड्यांशी ते जुळतच नाही. विकत घेताना परत करायची मुदत बघा आणि पहिल्याच दिवशी आपल्या गाडीत लावून पाहा. जुन्या गाडीत आकडे हळू येतात, तिथे एका वेळी तीन-चारच वाचनं निवडा.

'क्लिअर कोड्स'चं बटण फिटरने बघायच्या आधी दाबू नका. नोंदलेला दोष पुसला जातोच, काही गाड्यांत शिकलेला ट्रिमही शून्य होतो आणि शोध घ्यायला काही उरत नाही.

डिझेल गाडीत ॲव्हरेजसाठी हे घेऊ नका. डिझेल इंजिन लागते त्याहून कितीतरी जास्त हवा घेतं, त्यामुळे हवेवरून काढलेला हिशेब पार कोसळतो. गाडी स्वतः इंधनाचा दर सांगत असेल तरच उपयोग. सीएनजीवर तर लिटरचा आकडा निरर्थकच, तिथे किलो आणि ट्रिप मीटर पुरेसं आहे. पेट्रोलची गाडी असेल, वॉरंटी संपलेली असेल आणि मोबाइल अँड्रॉइड असेल तर ५०० वालं खुशाल घ्या. तीन टाक्या जुळवणीत जातील. त्यानंतर साताऱ्यातल्या पोवई नाक्याच्या रोजच्या गर्दीत एसी लावून उभं राहायला नेमकं किती पेट्रोल जातं, ते बऱ्यापैकी खरं दिसू लागेल.