सॅन मार्कोच्या चौकातले नारिंगी प्लास्टिक बूट : पाचपैकी अडीच

नोव्हेंबरात व्हेनिसला जाताना आम्ही निर्धास्त होतो. ‘मोझे’ या पूर रोखणाऱ्या यंत्रणेचे ७८ दरवाजे २०२० पासून समुद्र अडवतायत, मग पाणी येणार कुठून? आलं. हे दरवाजे साधारण ११० सेंटिमीटर भरतीचा अंदाज असला तरच उचलतात, आणि सॅन मार्कोचा चौक त्याच्या बराच आधी भिजायला लागतो. गंमत म्हणजे पाणी काठावरून येत नाही, पायाखालच्या गटाराच्या भोकांतून बुडबुडत वर येतं.

म्हणून रस्त्यावरच्या विक्रेत्याकडून हे बूट घेतले, १० युरोला जोडी. आपल्याच बुटांवरून चढवायचे आणि गुडघ्याखाली नाडी आवळायची. पहिला अर्धा तास झकास! मग आत घामाने मोजे ओले झाले. म्हणजे बाहेरचं पाणी अडवलं आणि आतलं तयार केलं. तळवा इतका गुळगुळीत, की ओल्या दगडावर आमचे हे दोनदा घसरले. दुसऱ्यांदा एका जपानी आजोबांना घेऊन. तासाभरात टाचेला चीर.

लाकडी फळ्यांच्या उंच वाटा टाकलेल्या असतात, त्यांवरून साध्या बुटांनीही निभतं. फक्त मध्येच फोटोला थांबू नका, मागचे ओरडतात. चौकातल्या बॅसिलिकाभोवती, म्हणजे मोठ्या चर्चभोवती, आता काचेची भिंत आहे. चौकात तळं आणि भिंतीपलीकडे कोरडी जमीन, हे बघायला मात्र हेच बूट घालून पाण्यात उतरावं लागलं. अर्धा तारा त्याचा.

मुक्काम दोन दिवसांहून जास्त असेल तर सरळ रबरी गमबूट घ्या.